हात लावू नये

नागभीडहून निघालेल्या एसटीनं
आम्हाला फाट्यावर उतरवलं,
तेव्हा नऊच वाजले होते, पण ऊन बाराचं.
बाबांच्या अंगात लग्नाकार्याचा शर्ट.
आईच्या पिशवीत तांदळाच्या भाकरी, झिंग्याची चटणी,
आणि रुषीमामा, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं.

तिकिटाच्या खिडकीशेजारी भिंतीवर लाल रेघ.
रेघेखालचं पोर अर्ध्या पैशात.
आईनं उमंगच्या डोक्यावर हात ठेवला,
आशीर्वाद दिल्यासारखा,
आणि हळूच दाबला.

आत प्लास्टरची मगर, तिच्या जबड्यात कुणाची तरी चप्पल.
फुलपाखरांच्या जाळीत तीन फुलपाखरं,
त्यातलं एक बाहेर जायला बघत होतं.
मग काचेचं घर: उष्ण कटिबंधीय वन,
वेगळे वीस रुपये.
मामा म्हणाला, ‘त्रेचाळीस डिग्री बाहेर फुकट हाये ना बावा,’
आणि सावली पाहून जोडे उशाशी घेऊन झोपला.

मोहाच्या झाडाला पाटी होती.
आई थांबली, पदर सावरला,
परक्या गावात माहेरचं कुणी भेटावं
आणि त्याच्या छातीवर बिल्ला असावा, तशी.
खाली फुलं सडली होती, ढीगच्या ढीग.
‘कोनी येचत नाही का वो इथं?’
झाडूवाली बाई म्हणाली, ‘कचऱ्यात जाते.’
आईनं एक फूल उचललं, वास घेतला,
पुन्हा होतं तिथंच ठेवलं.

बाबा मात्र कुठंच थांबत नव्हते.
बाण दाखवत होते त्याच्या उलट्या वाटेनं,
भराभर, पुढे पुढे.

आणि मग ते घर.
जुन्या काळचं गाव, असं वर लिहिलेलं.
बांबूच्या ताट्यांच्या भिंती, बांबूची कोठी,
सूप, टोपली, परडा, मासे धरायची मळई,
चुलीत लाल बल्ब.
दोन वर्षांमागे पौषात बाबा अकरा दिवस घरी नव्हते,
ते इथं होते.
आम्हाला माहीत होतं. आम्ही काही बोललो नाही.
बाबा कठड्याशी उभे राहिले,
शाळेबाहेर पोरगं सुटायची वाट बघतात तसे.

शिट्टीवाला पोरगा मोबाइल पाहत होता.
बाबांनी त्याला विचारलं,
‘हे कोनं केलं जी?’
‘नागपूरचे कलाकार आले होते.’
‘असं का.’
थोडं थांबून म्हणाले,
‘चांगलं केलं.’

मी आईकडे पाहिलं.
आई उमंगच्या चड्डीची नाडी बांधत होती,
सुटलेली नसताना.

कोपऱ्यातल्या ताटीची एक कांब निसटली होती.
बोटभर. मला तर दिसलीही नसती.
बाबांनी इकडेतिकडे पाहिलं,
कठड्यावरून वाकले,
आणि अंगठ्यानं दाबून ती खालच्या कांबेत सारली,
दोन वर, एक खाली.
शिट्टी वाजली.
‘ओ काका! वाचता येत नाही का?’

जेवण तळ्याकाठी झालं. तळ्यात पाणी नव्हतं,
दोन हंसहोड्या चिखलात माना टाकून.
मामानं बाबांच्या वाटणीची भाकर खाल्ली.
उमंगनं विचारलं, ‘त्या घरात रायते कोन?’
‘कोनी नाही.’
‘मंग बांधलं काहून?’
बाबा पाणी पीत होते,
पीतच राहिले.

परतीच्या गाडीत जागा मिळाली, मागची, खड्ड्यांवरची.
बाबांनी उजवी मूठ मिटून ठेवलेली.
‘दाखवा,’ आई म्हणाली.
‘काही नाही.’
‘दाखवा म्हनते ना.’
अंगठ्यात कूस, कातडीखाली, केसाएवढी.
आईनं बांगडीतली पिन काढली,
दातात धरून सरळ केली,
आणि धक्के खाणाऱ्या गाडीत
त्यांचा हात मांडीवर घेऊन
आपलं नेहमीचं काम करायला बसली.

‘हात लावू नये,’ ती म्हणाली,
पाटी वाचावी तसं, एकेक अक्षर सुटं करून.
बाबा आधी गप्प होते.
मग खांदे हलू लागले.
तळोधी येईपर्यंत दोघं हसत होती,
मामानं डोळे उघडून विचारलं, काय झालं,
आणि कूस
अजून निघाली नव्हती.